शेजारची मुलगी

आमच्या घरात सकाळ व्हायची ती झोळीच्या करकरीनं. पुढच्या खोलीत छताच्या लाकडी सरीला तीन झोळ्या बांधलेल्या होत्या, जुन्या लुगड्यांच्या, आणि तिघींचा आवाज निराळा होता. दारालगतची करकरायची, मधली उसासे टाकल्यासारखी हलायची आणि कोपऱ्यातलीला आवाजच नव्हता, म्हणून जरा खुट्ट झालं तरी जागं होणारं लेकरू तिच्यात घालायचं. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, मी ठरवलं होतं. कुठली वस्तू कुठं, कोणतं काम कशाच्या आधी, हे एकदा लावून घेतलं की मला बरं वाटतं. आज नांदेडला माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर आठवड्याची यादी चिकटवलेली असते आणि माझा मुलगा तिची चेष्टा करतो. "आई, यादीत श्वास घेणं राहिलं बघ," म्हणतो. हे वळण मला कुठं लागलं ते मी त्याला कधी सांगितलेलं नाही. त्यानं हे पान वाचलं तर त्याला कळेल.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. पुढची खोली म्हणजे गावची अंगणवाडी आणि मागच्या खोलीत आम्ही. मध्ये एक दार होतं, त्याला कडी नव्हती. माय, म्हणजे माझी आई, अंगणवाडी चालवायची. गाव तिला विमलबाई म्हणायचं. अण्णा एका मालकाची जीप चालवायचे, रेणापूर ते लातूर, दिवसभर माणसं भरून. ते अंधार पडता पडता यायचे आणि अंगणवाडीतून वाट काढत, खाली पसरलेली खेळणी पायानं बाजूला सारत मागं यायचे. "आपलंच घर, पन परवानगी घिऊन यावं लागतंय," असं म्हणायचे. बाहेरच्या माणसाला आमचं घर कुठं संपतं आणि सरकारचं कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. खरं तर आम्हालाही कळायचं नाही. माझी पाटी अंगणवाडीतल्या पोरांच्या पाट्यांत जायची, त्यांचं पातेलं आमच्या चुलीवर चढायचं आणि माझा धाकटा भाऊ बाळू, दीड वर्षाचा, त्यांच्यातच लोळत वाढत होता.

मायचं काम गावाला वाटायचं तेवढं सोपं नव्हतं. तीन वर्षांवरची पोरं सकाळी यायची, गाणी म्हणायची, खिचडी खाऊन जायची. त्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न त्याहून लहानांचा होता. आया उजाडताच दुसऱ्याच्या शेतात निंदायला, नाही तर तूर काढायला जायच्या, आणि तान्ही लेकरं थोरल्या बहिणींच्या कडेवर असायची. त्यामुळं त्या बहिणी शाळेत नसायच्या. आमच्या वर्गात सुगीच्या दिवसांत अर्ध्या मुली गायब व्हायच्या. मायला हे फार लागायचं. ती स्वतः चौथीला असताना तिच्या कडेवर असाच भाऊ आला होता. तिचं पुढचं शिक्षण लग्नानंतर, अण्णांच्या हट्टानं झालेलं. म्हणून लातूरच्या एका संस्थेनं तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी दिवसभराचं पाळणाघर सुरू करायचं म्हटलं, आणि तालुक्यात कुठल्याच गावात कुणी तयार होईना, तेव्हा मायनं हात वर केला आणि आमच्याच पुढच्या खोलीत झोळ्या बांधल्या.

ती घरोघर गेली. मी तिच्याबरोबर होते, मला ते फिरणं आठवतं. बायका लेकरू द्यायला तयार नव्हत्या. मोठी भीती वजनाची होती. पाळणाघरात दर महिन्याला लेकराचं वजन व्हायचं, आणि आमच्याकडं लेकराला काट्यावर टांगलं की दृष्ट लागते असं पक्कं मानतात. मायनं वाद घातला नाही. "जत्रंत लेकराला गुळानं तोलता का न्हाई?" असं विचारलं. नवसाचं लेकरू तर देवापुढं तराजूत बसवायची रीतच होती. "तोलतो की," बायका म्हणाल्या. "मग देवाला चालतंय अन् माझ्या काट्याला का न्हाई? मी बी गूळ ठेवते." आणि तिनं खरंच ठेवला. वजन झालं की लेकराच्या तळपायाला काजळाचं बोट आणि त्याला घेऊन आलेल्या बहिणीच्या हातावर गुळाचा खडा. पुढं पुढं तो गूळ रोजचाच झाला. सकाळी धाकट्याला वेळेवर आणून सोडणाऱ्या प्रत्येक मुलीला माय उंबऱ्यावर गूळ द्यायची आणि म्हणायची, "जा बाई, उशीर करू नको. शाळा सुटली की न्यायला ये." रोज हेच शब्द. मुली मुठी वळून पळत सुटायच्या. एका सुगीत आमच्या शाळेचे बाक भरले. गुरुजी स्वतः येऊन मायला सांगून गेले.

आता गयाबाईचं सांगायला पाहिजे, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. गयाबाई अंगणवाडीची मदतनीस होती. एकटी, म्हातारी, जिभेला धार. अंगणवाडीतून मिळणारं मानधन हाच तिचा आधार. त्या पावसाळ्यात ती आडाजवळ घसरून पडली आणि कंबर धरली. तिला चालता येत होतं, पण वाकता येत नव्हतं, आणि तान्ह्या लेकरांचं सगळं काम वाकूनच असतं. मायनं वर कळवलं असतं तर गयाबाईला घरी बसवलं असतं. मायनं कळवलं नाही. एक दिवस सकाळी शाळेला निघाले, तर तिनं माझं दप्तर खुंटीवरून काढून वरच्या फळीवर ठेवलेलं होतं.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "गयाबाईची कंबर बरी होस्तवर. तिला कोन हाय सांग बरं? तुला मी हाय की."

त्या वेळी मला राग आला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. उलट मोठं झाल्यासारखं वाटलं. मी सहावी पास होऊन सातवीत गेले होते, आणि गावातल्या बायका आपलं लेकरू माझ्या हातात देऊन शेतात जात होत्या. मी कामाला लागले. कुणाला भाताची पेज चालते आणि कुणाला ती पोटात ठरत नाही, कुणाची लंगोटी कुठल्या दोरीवर वाळते, कोण आधी निजतं, मी सगळं लावून टाकलं. सकाळी लापशी, दुपारी कण्या शिजवून त्यांत वरणाचं पाणी, आणि ज्यांना दात आलेत त्यांना भाकरीचा पापुद्रा चोखायला. आम्ही मागच्या खोलीत शेंगदाण्याची चटणी आणि येसराची, म्हणजे भाजक्या मसाल्याच्या पिठाची, आमटी खायचो, आणि तिचा झणका पुढं गेला की सरकारची कोरडी सुकडी खाणारी पोरं दाराशी येऊन नाक वर करायची. गयाबाई खांबाला टेकून बसायची आणि तिथून हुकूम सोडायची. "मंगे, तो शेंबूड काढ आधी, मग मुका घे." काम मला येत होतं. फार चांगलं येत होतं, तेच नडलं.

पंधरा दिवसांचा दसरा झाला. दसऱ्याला माय म्हणाली, दिवाळी होऊ दे. दिवाळीला खरिपाची ज्वारी काढणीला आली होती, कापूस वेचायला आला होता आणि लेकरं दुप्पट झाली होती. रोज सकाळी मी आत, मांडीवर एक आणि पायांच्या पाळण्यावर एक घेऊन बसलेली असायचे आणि उंबऱ्यावरून मायचा आवाज यायचा. "जा बाई, उशीर करू नको." माझ्याच वर्गातल्या मुली. त्या दारातून मला हात करायच्या आणि पळायच्या. गुळाचा डबा माझ्या मागच्या फळीवर होता, संपत आला की मीच भरायचे. त्यातला खडा उचलून खाल्ला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण तो गूळ लेकरू सोडून शाळेत जाणाऱ्या मुलीचा होता, आणि मी ती नव्हते, एवढं मला कळत होतं.

तिथं एक लेकरू होतं, छबी नावाचं. सव्वा वर्षाची असेल. पाळणाघरात आली तेव्हा काटकुळी, आणि कुणाच्याच अंगावर जायची नाही. मायनं घेतली की ताठ व्हायची, गयाबाईला बघितलं की किंचाळायची. गयाबाई म्हणायची, "तिला अक्कल हाय, मी बी आरशात बघून दचकते." माझ्या खांद्यावर मात्र ती लगेच मान टाकायची. झोळीत झोपायची नाही, खांद्यावरच. डाव्या. तिला घेऊन एका हातानं कण्या ढवळायला मी शिकले. गुळाच्या गोष्टीनं वाईट वाटायचं ते या मुलीनं थोडं भरून निघायचं.

संक्रांत जवळ आली तसा गुरुजींचा निरोप आला. ते स्वतः आले नाहीत, एका पोराकडून सांगून पाठवलं. मंगलचं नाव अजून पटावर ठेवलंय, संक्रांतीनंतर ती आली नाही तर कमी करावं लागेल, आणि मग सातवीच्या परीक्षेला बसता येणार नाही. सातवी नाही म्हणजे रेणापूरचं हायस्कूल नाही. मायनं निरोप ऐकला आणि भाकरी थापतच राहिली. मी समोर उभीच होते.

"संक्रांत झाली की लातूरच्या संस्थेच्या मॅडम बघायला येनार हायेत," ती म्हणाली. "तेवढी भेट पार पडू दे. दुसऱ्या दिशी तू शाळंत."

"खरं?"

"तुझ्या गळ्याची आन," माय म्हणाली.

माय शपथ घेणारी बाई नव्हती. म्हणून मी विश्वास ठेवला. दप्तर फळीवरून काढलं, पुसलं, पेन्सिलीला टोक केलं आणि परत वर ठेवलं.

भेटीच्या दिवशी खोली सारवली होती. लाकडी ठोकळे, खुळखुळे आणि एक कापडाचा हत्ती, जे सगळं एरवी पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून असायचं, ते बाहेर मांडलं होतं, आणि पोरं आधी त्याला हात लावायलाच घाबरत होती. गयाबाईला मायनं आपलं चांगलं लुगडं नेसवलं.

"तुम्ही नुसतं बसायचं. लेकरू उचलाय जाऊ नका."

"अन् मॅडमनं उचल म्हनलं तर?"

"म्हना, आत्ताच झोपतंय."

"अन् जागं असलं तर?"

"मग म्हना, आत्ताच उठलंय."

"लई सोपं काम हाय मदतनिसाचं," गयाबाई म्हणाली. "आधी ठावं असतं तर कंबर आधीच मोडली असती."

मला मागच्या खोलीत बसवलं. मॅडम जाईपर्यंत बाहेर यायचं नाही, एवढंच सांगितलं. मला ते बरोबरच वाटलं. उद्या मी शाळेत जाणारच होते, आज एक दिवस लपून बसायला काय हरकत होती. चुलीवर कण्या शिजत होत्या, त्या ढवळत मी दाराच्या फटीतून ऐकत होते. मॅडम मऊ आवाजाच्या होत्या. त्यांनी वजनाचं विचारलं, गुळाचं ऐकून त्या हसल्या, बाहेर उभ्या असलेल्या दोन मुलींना त्यांनी शाळेचं विचारलं. "विमलताई, तुम्ही एका वेळी दोन पिढ्या वाचवताय," असं त्या म्हणाल्या. मला मायचा अभिमान वाटला. आजही त्या वाक्यात खोटं काही नव्हतं असंच मी म्हणते.

मग चहा घेताना त्यांनी विचारलं, "तुमचं कुणी शाळेत आहे का?"

"पोरगी हाय की," मायचा आवाज आला. "सातवीला. लातूरला, मामाकडं शिकती."

लातूरला माझे एक मामा होते खरे. त्यांच्याकडं मी लग्नकार्यापलीकडं कधी राहिले नव्हते. पण ते ऐकून मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. वाटलं, मायनं मनात ठरवलंय, हायस्कूलला मला लातूरलाच पाठवायचं, आणि हे असं दुसऱ्याला सांगताना बाहेर आलं. हातात पळी धरून मी मामांच्या घराच्या पायऱ्या आठवत होते.

तेवढ्यात छबी जागी झाली. नव्या माणसाचा आवाज, नवी मांडामांड, आणि तिनं सूर लावला. मायनं घेतलं, ती ताठ झाली. मॅडमनी हात पुढं केले, तर तिचा श्वासच अडकला. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही घ्या बरं, तुमची सवय असेल." गयाबाई म्हणाली, "आत्ताच उठलंय," आणि जागची हलली नाही. मग थपथप असा आवाज आला. छबी खाली उतरून रांगत मधल्या दाराशी आली होती आणि दोन्ही तळहातांनी दारावर मारत होती. दाराला कडी नव्हती. ते उघडलं. ती माझ्यासमोर होती, निळी पडलेली, आणि मी तिला उचलू नये असं मला सुचलंच नाही. खांद्यावर घेतलं तशी ती गप्प झाली. एकदम. मान टाकली, हुंदका दिला आणि डोळे मिटले.

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. मॅडम हसल्या. "ही कोण?"

माय माझ्याकडं बघत होती. डोळे माझ्यावरच होते तिचे, जेव्हा ती म्हणाली, "शेजारची हाय, मॅडम. भावाला सोडाय आलती."

गयाबाईनं मान खाली घातली आणि लुगड्याच्या काठावरचं काहीतरी झटकायला लागली.

"अच्छा. कुठला गं तुझा भाऊ?"

मी बाळूकडं बोट केलं. तो हत्तीची सोंड चावत बसला होता.

"हाव, तोच," माय म्हणाली. "तो हिचा."

"शाळेत जातेस ना?" मॅडमनी विचारलं. मी हो म्हटलं. कितवीत, तर सातवीत. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "मग आज घरी का? असं करायचं नाही हं. विमलताई आहेत ना इथं, भावाला सांभाळायला. सकाळी त्याला सोडायचं आणि शाळेत जायचं. उद्यापासून. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

मायनं छबीला माझ्या खांद्यावरून सोडवून घेतलं. छबीनं माझ्या झग्याची बाही धरून ठेवली होती, ती मायनं एकेक बोट करून सोडवली. "जाय आता घरला," माय मला म्हणाली.

मी घरला गेले. म्हणजे घरातून बाहेर पडले, पुढच्या दारानं, सगळ्यांच्या समोरून. चपला मागच्या खोलीत राहिल्या होत्या, त्या आणायला जाता येत नव्हतं, शेजारच्या मुलीच्या चपला तिथं कशा असतील. मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसले. छबीचं रडणं तिथपर्यंत येत होतं. मॅडमची गाडी गेली, तरी मी बराच वेळ उठले नाही.

संध्याकाळी मायनं माझ्या ताटात तूप वाढलं, जे आमच्याकडं सणाला असायचं.

"रुसली व्हय? येळ तशी आली गं. काय सांगू त्यांना, गावच्या पोरी शाळंत घातल्या अन् माझीच घरी हाय म्हनून?"

"उद्या मी शाळंत जाते," मी म्हणाले.

मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मॅडम तांड्यावरची लेकरं बी पाठवा म्हनाल्या. लई खूश झाल्या. आता ह्या वक्ताला मी एकटी काय करू? उन्हाळ्यापतोर काढ, माय माझी. पुढल्या साली सातवी."

"गुरुजी नाव कमी करनार हायेत."

"गुरुजींला मी बोलते."

"जाऊ दे की पोरीला," अण्णा म्हणाले.

"मंग तुमी सांभाळा लेकरं. जीप मी चालवते."

अण्णांनी भाकरी मोडली आणि आमटीत बुडवली. मायनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तेच म्हणाली, "तुला मी हाय की." तूप घातलेला भात मी सगळा खाल्ला. माझा निर्णय जेवता जेवता झाला होता, आणि उपाशीपोटी शाळेत बसवत नाही हे मला माहीत होतं.

सकाळी मी नेहमीसारखी उठले. लंगोट्या दोरीवर टाकल्या, कण्या भिजत घातल्या, झोळ्यांच्या गाठी बघितल्या. वेणी घातली. दप्तर काढलं. मग बाळूला कडेवर घेतलं, मागच्या दारानं बाहेर पडले आणि घराला वळसा घालून पुढं आले. पुढच्या दारात दोन-तीन मुली लेकरं घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यामागं उभी राहिले. त्यांनी वळून बघितलं आणि त्यांना काही कळलं नाही. माझी पाळी आली. मायचे हात सवयीनं पुढं आले होते, तिनं बाळूला घेतलं आणि मग वर बघितलं.

"मी शेजारची," मी म्हणाले. "भावाला सोडाय आले."

आत गयाबाई खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "विमल, दे तिला तिचा गूळ."

मला वाटत होतं माय ओरडेल. ओढत आत नेईल असंही वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तिनं ओढून न्यावं, ही माझी पोरगी आहे असं चारचौघींत म्हणावं, यासाठी मी तिथं उभी होते. शाळा त्याच्या नंतर होती. मायनं बाळूला कडेवर घेतलं. डब्यात हात घातला. माझ्या हातावर खडा ठेवला, इतर मुलींना द्यायची तेवढाच.

"जा बाई, उशीर करू नको," ती म्हणाली. "शाळा सुटली की न्यायला ये."

गूळ मी वाटेतच खाल्ला. फेकावासा वाटला होता, पण गूळ फेकायची रीत आमच्याकडं नव्हती.

चारच दिवसांत पाळणाघरात गावातली कौसल्याकाकू यायला लागली. ती दसऱ्याच्या आधी बाळंत झाली होती, शेतात जाणं जमत नव्हतं आणि ती घरी बसून कंटाळली होती. स्वतःचं लेकरू झोळीत घालून ती बाकीची बघायची. गयाबाईचं कामही गेलं नाही. मी एकदा कौसल्याकाकूला विचारलं, तुम्ही आधी का नाही आलात. ती म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाई. मी तर दिवाळीपासून मोकळी होते." हे वाक्य मला मॅडमपुढच्या त्या वाक्याहून जास्त लागलं. मॅडमपुढं माय अडकली होती, तोंडातून निघून गेलं, हे मी मोठी झाल्यावर समजून घेतलं. पण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती अडकलेली नव्हती. तिनं फक्त विचारलं नव्हतं. मी होते ना.

माय आता थकली आहे. लातूरला बाळूकडं असते. मी नांदेडहून महिन्याला जाते, जाताना औषधांची यादी करते, येताना ती तपासते. बाळूच्या घरी कुणी आलं की माय माझी ओळख करून देते, "ही माझी थोरली, हिला मी शिकवली. गावातली पयली मॅट्रिक." खोटं नाही. माझ्या हायस्कूलची फी तिनंच भरली, परीक्षेच्या दिवसांत माझ्यासाठी धपाटे बांधून तिनंच दिले. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही काढला नाही. फक्त ती "माझी थोरली" म्हणते तेव्हा दर वेळी मी तिच्या डोळ्यांकडं बघते. सवय लागली आहे. हे सांगताना ती कुठं बघते ते मला बघावं लागतं.

गूळ खाऊन शाळेत गेले त्या पहिल्या दिवशी शाळा सुटली तेव्हा सगळ्याजणींबरोबर मीही पळत आले. पळताना विसरले होते. अंगण आलं तेव्हा आठवलं. बाकीच्या मुली आत जात नसत, लेकरं झोपलेली असायची म्हणून उंबऱ्याबाहेर थांबायचं असा नियम होता, तो मीच घातलेला होता. आतून झोळीची करकर येत होती, दारालगतच्या. छबीला कुणीतरी तिच्यात घातलं असावं, ती रडत होती. माझ्यापुढं दोघी होत्या. माय एकेकीला तिचं लेकरू देत होती. मी दप्तर खाली ठेवलं आणि आमच्याच दारात माझा नंबर यायची वाट बघत उभी राहिले.